पिसांचा झगा आणि न झालेली रंगीत तालीम: ‘टॉप हॅट’मधल्या एका नाचाचं प्रकरण

‘टॉप हॅट’ या जुन्या हॉलीवूड चित्रपटातला ‘चीक टू चीक’ या गाण्यावरचा नाच नीट पाहिला, तर जिंजर रॉजर्सच्या झग्यातून सुटलेली चार-दोन पिसं हवेत तरंगताना दिसतात. काही जमिनीवर पडलेलीही दिसतात. पहिल्यांदा बघताना ती कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण नजर ती आणि तिचा जोडीदार फ्रेड अ‍ॅस्टेअर यांच्यावरून हलत नाही. पण एकदा दिसली की दर वेळी दिसतात. नव्वद वर्षांपूर्वी आरकेओ स्टुडिओत जे रामायण घडलं, त्याच्या या उरलेल्या खुणा. त्या दिवसाचे किस्से सांगणारे पुष्कळ आहेत: फ्रेड अ‍ॅस्टेअर चिडला, जिंजर रडली, मग सगळं गोड झालं. इथे किस्सा बाजूला ठेवून कामाकडे बघू. पिसं का उडाली, उडाल्यावर एवढा गोंधळ का झाला, आणि एवढं होऊनही तोच झगा पडद्यावर का राहिला?

आधी चित्रपटाची जुजबी ओळख. ‘टॉप हॅट’ 1935 सालचा, कृष्णधवल. दिग्दर्शक मार्क सँड्रिच, निर्माता पँड्रो बर्मन, गाणी आयर्विंग बर्लिनची, वेशभूषा बर्नार्ड न्यूमनची. अ‍ॅस्टेअर आणि रॉजर्स यांचा हा एकत्र चौथा चित्रपट, पण मुद्दाम या जोडीसाठी लिहून घेतलेला पहिलाच. खर्च साधारण 6 लाख 10 हजार डॉलर. जगभरातलं उत्पन्न 30 लाखांच्या वर गेलं. आरकेओला त्या दशकात यापेक्षा मोठं यश मिळालं नाही.

गोष्ट म्हणाल तर गैरसमजाची. नर्तक जेरी लंडनच्या हॉटेलात मित्राच्या, होरेसच्या, खोलीत रात्री टॅप नाचतो, खालच्या खोलीतली डेल झोपमोड होऊन भांडायला वर येते आणि प्रेमप्रकरण सुरू होतं. पुढे डेलची समजूत होते की हा जेरी म्हणजेच होरेस, आपल्या मैत्रिणीचा, मॅजचा, नवरा. आपल्या संगीत नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला ही ‘तोतया’ची गंमत नवी नाही. नवं आहे ते ती वापरायचं ठिकाण. व्हेनिसच्या हॉटेलात मॅज स्वतः डेलची आणि जेरीची गाठ घालून देते, दोघं नाचायला लागल्यावर लांबून हातानं खुणा करते, अजून जवळ या. डेलच्या दृष्टीनं एक बायको आपल्याच नवऱ्याच्या मिठीत दुसरीला ढकलते आहे! शेवटी ती ठरवते, मॅजला पर्वा नाही तर मला तरी का असावी. या वाक्याला लागूनच जेरी गाणं उचलतो.

म्हणजे नाच सुरू होताना बाई अर्धी नाराज आहे, अर्धी विरघळलेली आहे आणि संपताना पुरती हरलेली असणार आहे. हे सगळं संवादाशिवाय, केवळ अंगाच्या हालचालीतून दिसायला हवं. झग्याचं महत्त्व इथून सुरू होतं.

तो काय होता ते जवळून बघू. (गाऊन म्हटलं की आपल्याकडे घरात घालायचा मॅक्सी डोळ्यांपुढे येतो, म्हणून झगाच म्हणू.) अंगाबरोबर बसणारं सॅटिन, पाठ जवळजवळ पूर्ण उघडी, खांद्यांशी पिसं आणि कमरेखाली घेरभर शहामृगाच्या पिसांचे थर. रंग पांढरा नव्हे, फिकट निळा. नुसत्या पिसांची किंमत 1500 डॉलर. आज तो आकडा उधळपट्टी म्हणून सांगितला जातो, पण एकूण खर्चाच्या मानानं तो पाव टक्का भरतो. निळा रंग ही रॉजर्सची निवड, आणि कृष्णधवल फिल्मसाठी ती शहाणपणाची होती. निखळ पांढरं कापड स्टुडिओच्या दिव्यांत भगभगतं, त्यातले बारकावे फिल्मवर पुसले जातात. फिकट निळा पडद्यावर पांढऱ्याच्या अगदी जवळ येतो, पण पिसांचे थर एकमेकांपासून सुटे दिसतात.

आता शहामृगाच्या पिसाची रचना. कावळ्याच्या किंवा कबुतराच्या पिसातले तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून पीस पात्यासारखं सलग राहतं. विस्कटलं तरी बोटानं सारखं केलं की जुळतं. शहामृगाला उडायचं नसल्यानं त्याच्या तंतूंना ही अडकण नसते. प्रत्येक तंतू सुटा आणि लोंबता. त्यामुळेच ते इतकं मऊ दिसतं आणि फुंकर मारली तरी हलतं. गळण्याचं कारणही तेच. सुट्या तंतूला शेजाऱ्याचा आधार नाही, घासला की एकटाच तुटतो.

झग्यातून निघून येणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. एक, तुटलेले तंतू. पिसं कापताना, रंगवताना, वाफ देऊन फुलवताना बरेच तंतू तुटतात आणि शेजारच्यांत अडकून बसतात. झगा नवा असतो तेव्हा हे सगळ्यात जास्त. यावर शिवणकामाचा काही इलाज नाही, झगा घालण्याआधी तो झटकून, झाडून, वारा देऊन काढावाच लागतो. दोन, मुळापासून निसटलेली अख्खी पिसं. हा दोष टाक्याचा. पिसाचा कणा गुळगुळीत आणि खाली निमुळता होत जातो. त्याच्यावरून नुसता धावदोरा घातला की ओढ बसताच कणा टाक्यातून सरकून बाहेर येतो, दोरा जिथल्या तिथे. त्यात कापड सॅटिनचं असेल तर धागे सरकतात, टोचलेली भोकं रुंदावतात आणि टाका आणखी सैल होतो.

नाचात या टाक्यावर जोर किती येतो? झग्याचा घेर मध्यापासून अर्धा मीटर धरला आणि नाचणारीनं सेकंदाला एक गिरकी घेतली, तर कडेचं पीस सेकंदाला 3 मीटरहून थोड्या जास्त वेगानं फिरतं. बाहेरच्या दिशेची ओढ त्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट येते. पिसाचं वजन ते काय, त्याची दुप्पट म्हणजे फार काही नाही. नीट शिवलेलं पीस एवढ्यानं सुटत नाही. म्हणजे गिरकीला एकटीला दोष देऊन चालणार नाही. मोठे गुन्हेगार दोन. गिरकी मध्येच थांबून उलटी फिरते तेव्हा सगळी पिसं एका बाजूला जाऊन झटक्यात परततात, आणि मुळाशी पीळ बसतो. दुसरा गुन्हेगार म्हणजे जोडीदाराची विजार. या नाचात दोघं एकमेकांना चिकटून असतात, त्याचा पाय तिच्या घेरात शिरतो आणि निघतो. लोकरीच्या खरखरीत कापडावर पिसांची शेकडो घासणी. निघालेला तंतू त्या लोकरीच्या लवीत जाऊन बसतो, हातानं झटकून जात नाही, ब्रशच लागतो.

आणि कोट काळा. इथे कृष्णधवलचा खेळ उलटतो. व्हॅन नेस्ट पोलग्लेसच्या कलाविभागानं उभारलेलं हॉलीवूडचं व्हेनिस म्हणजे दोन शेजारच्या स्टेजांवर पसरलेला पांढराशुभ्र पसारा, पूल, सज्जे, कालवे. पांढरं उठून दिसावं म्हणून कालव्याचं पाणी काळं रंगवलेलं. फिकट पीस फिकट जमिनीवर पडलं तर खपून जातं. तेच टेलकोटच्या खांद्यावर बसलं की खडूच्या रेघेसारखं दिसतं. रंगीत चित्रपटात निळं पीस निदान झग्याचं आहे एवढं तरी कळलं असतं. इथे काळ्यावर पांढरा ठिपका, बस्स.

हे झालं पिसांचं शास्त्र. पण पिसं गळतात हे न्यूमनच्या विभागाला ठाऊक नसणार असं नाही. शहामृगाची पिसं तेव्हा संध्याकाळच्या झग्यांना सर्रास लावली जायची. रॉजर्सनं हाच झगा घालून जिन्यावरून उतरायचं असतं, तर चार पिसं गळाली असती आणि कोणी वळूनही पाहिलं नसतं. गोंधळ झाला तो अ‍ॅस्टेअरच्या कामाच्या पद्धतीशी गाठ पडल्यामुळे. म्हणून ती पद्धत बघायला हवी, आणि आमच्या मते प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

त्याच काळात वॉर्नर ब्रदर्समध्ये बझ्बी बर्कली नाच तुकड्यातुकड्यांत रचायचा: छतावरून कॅमेरा, पन्नास मुलींची फुलं, मग एक चेहरा, मग पाय. तुकडा बिघडला तर तुकडा पुन्हा घ्यायचा. अ‍ॅस्टेअरचा याला कडवा विरोध. त्याचा आग्रह असा की नाचणारा डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण चौकटीत दिसला पाहिजे, आणि शॉट होईल तितका लांब, कट होतील तितके कमी. मध्येच प्रेक्षकांचे चेहरे नकोत, पायांचे क्लोज-अप नकोत. त्यासाठी आरकेओत बुटकी, लहान चाकांची कॅमेरा-गाडी वापरली जायची. 1939 साली या जोडीबरोबर काम केलेल्या एच. सी. पॉटर या दिग्दर्शकानं तिचं वर्णन केलं आहे: भिंग जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर, गाडीवर फक्त कॅमेरा चालवणारा आणि फोकस बदलणारा, भिंग 40 मिलिमीटरचं. चौकट इतकी अंगाबरोबर की जोडी दोन पावलं पुढे आली तर गाडी तेवढीच मागे, ती मागे गेली तर गाडी पुढे. गाडी ढकलणाऱ्या माणसाला नाच जवळजवळ पाठ असावा लागे.

या पद्धतीत चूक झाली की तिची किंमत किती, बघा. अडीच मिनिटांचा सलग शॉट म्हणजे मिनिटाला 90 फूट या हिशेबानं 225 फूट फिल्म. दोन मिनिटं वीस सेकंदांवर एक पीस नाकाला चिकटलं, माणसाचा डोळा मिटला, की सगळाच टेक बाद. ते दहा सेकंद बाजूला काढून पुन्हा घेण्याची सोय नाही, कारण जोडायला कट नाही. पुन्हा सुरुवातीपासून. आणि पुन्हा म्हणजे लगेच नव्हे: चकचकीत जमिनीवर बुटांचे ओरखडे उमटलेले असतात, ते पुसायचे, पिसं वेचायची, कोट ब्रशनं साफ करायचा, घेर विंचरल्यासारखा सारखा करायचा, दिवे चालूच. तोवर नाचणाऱ्यांचे स्नायू गार पडतात. बर्कलीच्या सेटवर जे पीस चार सेकंदांचं नुकसान करतं, ते इथे अर्ध्या तासाचं करतं.

दुसरी गोष्ट तालमीची. अ‍ॅस्टेअर चित्रीकरणाआधी कित्येक आठवडे नाच बसवायचा. खोलीत तिघंच: तो, नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅन आणि पियानोवर हॅल बोर्न. रॉजर्स एका चित्रपटातून दुसऱ्यात धावत असायची, त्यामुळे नाच रचला जात असताना तिची जागा पॅन घ्यायचा. पावलं पक्की झाली की मग पॅन ती रॉजर्सला शिकवायचा. कल्पना करा, ज्या नाचाचा निम्मा परिणाम स्त्रीच्या घेरावर अवलंबून आहे, तो विजार घातलेल्या दोन पुरुषांनी बसवलेला! पॅनच्या पायात घेर नव्हता, अ‍ॅस्टेअरच्या तोंडासमोर पिसं नव्हती. पुढे रॉजर्स तालमीला आली तीही सरावाच्या कपड्यांत. पावलं आठवडेच्या आठवडे घोटून घेतली गेली. झगा मात्र वेगळ्या इमारतीत, वेगळ्या माणसांच्या हातात तयार होत होता. दोघांची गाठ पडली ती थेट सेटवर, दिवे लावून झाल्यावर.

मराठी रंगभूमीवर यासाठी शब्दच आहे: रंगीत तालीम. पूर्ण वेश, पूर्ण रंगभूषा, पूर्ण नेपथ्य, फक्त प्रेक्षक नाहीत. कितीही घाईचं नाटक असलं तरी ती एक तालीम कोणी सोडत नाही, कारण पगडी डोळ्यांवर येते की नाही आणि तलवार म्यानातून सुटते की नाही हे दुसरीकडे कळतच नाही. ब्रॉडवेवरही ती होती, अ‍ॅस्टेअर तिथेच वाढलेला. पण सिनेमात माणसाची सवय बदलते. चुकलं तर पुन्हा घेता येतं, म्हणून रंगीत तालमीचं काम पहिला टेकच करतो. लांब शॉटचा हट्ट आणि ही सवय एकत्र नांदत नाहीत.

प्रत्यक्ष दिवशी काय झालं याच्या दोन हकिकती आहेत. अ‍ॅस्टेअरच्या 1959 सालच्या आत्मचरित्रातली विनोदी: नाच सुरू होताच पिसं अशी उडाली, जणू कोल्ह्यानं कोंबडी धरली. डोळ्यांत, नाकात, कोटावर, सगळीकडे पिसं. तो वैतागला, ओरडला, रॉजर्स रडली, तिची आई लीला मध्ये पडली. रॉजर्सच्या 1991 सालच्या आत्मचरित्राचा सूर वेगळा आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे झगा घालून ती सेटवर आली तेव्हाच वातावरण तुटक होतं. थोड्या वेळानं सँड्रिच येऊन म्हणाला, आधीच्या ‘द गे डिव्हॉर्सी’मधला पांढरा झगा का नाही घालत? हे ऐकून ती हटून बसली. लीलाबाई आल्या, बोलाचाली झाली, दोघी सेट सोडून निघाल्या, तेव्हा कुठे दिग्दर्शकानं माघार घेतली.

दोन्ही हकिकतींत खरं-खोटं करत बसण्यापेक्षा त्या जिथे जुळतात तिथे बघावं. झग्याची अडचण सेटवरच उघडी पडली, आणि उपाय म्हणून पुढे आलेली कल्पना एकच होती: झगाच बदला. पिसं पक्की करता येतील का, हा प्रश्न भांडण पेटल्यानंतर विचारला गेला. एरवी तो आठवडाभर आधी वेशभूषा विभागात विचारायचा आणि दोन दिवसांत मिटवायचा.

जुना झगा घातला असता तर? नाच चुकीच्या ठिकाणी सोपा झाला असता. रॉजर्सचं म्हणणं स्वतःच्या दिसण्यापुरतं नव्हतं, असं पडद्यावरचा नाच पाहून म्हणावंसं वाटतं. ती थांबते, घेर थांबत नाही. अंग वळून पुढे गेलेलं असतं आणि पिसं अर्ध्या ठोक्यानं मागून येतात, उतरतात, मग स्थिरावतात. पूर्ण चौकटीत नाचणाऱ्या बाईचा चेहरा लहान दिसतो. तिची घालमेल दाखवायला क्लोज-अप वापरायचा नाही असं ठरवल्यावर ते काम अंगावरच्या कापडाला करावं लागतं. नुसत्या कापडाचा घेर पायाबरोबर फिरून पायाबरोबरच थांबला असता. शिवाय पाठ उघडी आहे ती उगीच नव्हे. या नाचाचा कणाच मुळी मागे झुकण्यात आहे, आणि न्यूमननं अ‍ॅस्टेअरचा हात जिथे टेकतो तिथे ना पीस ठेवलं ना शिवण. धरायची जागा मोकळी, पकड स्वच्छ.

मग त्या रात्री शिवणाऱ्या बायका बसल्या आणि त्यांनी पीस न् पीस पुन्हा टाचलं. दुसऱ्या दिवशी गळती थांबली नाही, पण इतकी कमी झाली की नाच घेता आला. का थांबली नाही, ते वर आलंच आहे. टाक्यानं अख्खी पिसं रोखली, तुटके तंतू रोखले नाहीत.

असा झगा नाचासाठी करायचा झाला तर क्रम साधारण असा असतो. पिसं थेट सॅटिनवर न टाचता आधी नेटच्या पट्टीवर घ्यायची, म्हणजे सॅटिनला प्रत्येक पिसामागे भोक पडत नाही आणि एखादा भाग उजाड झाला तर तेवढी पट्टी बदलता येते. कण्याचं खालचं टोक साधारण सेंटिमीटरभर उलटं दुमडायचं आणि दुमडीच्या दोन्ही पदरांतून टाका घेऊन गाठ मारायची. आता कणा सरकला तरी दुमड टाक्यात अडकते. हाच तो फरक, ज्यासाठी रात्र जाते. पट्ट्या खालून वर लावत जायच्या, वरच्या ओळीनं खालचे टाके झाकले जातात. जोडीदाराचा पाय जिथे शिरतो त्या पुढच्या भागात पिसं विरळ आणि लांबीला कमी ठेवायची, भरगच्चपणा बाजूंना आणि मागे. बघणाऱ्याला कळत नाही, घासणं मात्र निम्म्यावर येतं.

मग झाडणं. झगा उलटा टांगून हातानं झटकायचा, गार हवेचा झोत मारायचा, पुन्हा झटकायचा. खाली काळी चादर अंथरायची आणि काय पडतंय ते बघायचं. नुसते तंतू पडत असतील तर झाडत राहायचं, हळूहळू कमी होतात. मुळासकट पीस पडलं तर ती ओळ तपासायची, कारण एक टाका सैल असेल तर त्याच हातानं घातलेले शेजारचेही असतात. हे झाल्यावर झगा घालून, जोडीदाराला खऱ्या कपड्यांत उभा करून, निदान सगळ्यात जोरदार तीस सेकंद पूर्ण वेगानं नाचून बघायचं. वाफ शेवटी, आणि हलकी. ओल्या पिसाचे तंतू एकमेकांना चिकटतात, पूर्ण सुकल्याशिवाय फुलत नाहीत. घाईत वाफ देऊन लगेच सेटवर नेलेला झगा ओल्या कोंबडीसारखा दिसतो.

नाचाकडे परत येऊ. बर्लिनचं गाणं त्या काळच्या मानानं लांबलचक. सर्वसाधारण गाणं 32 मात्राखंडांचं असताना हे 72 खंडांचं आहे: सोळा-सोळाचे दोन सुरुवातीचे भाग, मग आठ-आठचे दोन हलके, मग आठांचा एक एकदम आवेगाचा, आणि शेवटी पुन्हा मूळ सोळा. मधला आवेगाचा आठ खंडांचा तुकडा पूर्ण गाण्यात एकदाच येतो, म्हणून त्याची वाट बघावीशी वाटते. नाचानं हा नकाशा घेतला आहे. गर्दीतून जोडी पूल ओलांडून रिकाम्या चौकात येते. सुरुवातीला पावलं छोटी, घेर जमिनीशी लोळणारा. पुढे वाद्यवृंद फुगतो तशी झेप आणि उचल, आणि पिसं पहिल्यांदा पूर्ण उघडतात, पांढऱ्या छत्रीसारखी. मग मागे झुकणं, पुन्हा झुकणं, शेवटचं सगळ्यात खोल, तिथे ती क्षणभर तशीच थांबते. त्यानंतर एकदम शांतता. दोघं हळूहळू भिंतीशी येऊन टेकतात आणि ती त्याच्याकडे बघत राहते. चेहऱ्यावरचं हसू ओसरलेलं असतं. संवाद एकही नाही, पण सुरुवातीची नाराज डेल आता कुठे उरली?

तरंगणारी पिसं शोधायची तर शेवटच्या शांत भागाआधीच्या धावपळीत नजर दोघांच्या मागच्या हवेत ठेवावी. पीस सुटतं ते जोराच्या हालचालीत, पण दिसतं ते जोडी पुढे निघून गेल्यावर. ते इतकं हलकं असतं की खाली यायला त्याला बराच वेळ लागतो. जमिनीवरची पिसं जोडी बाजूला सरकली की मोकळ्या जागेत सापडतात.

या प्रकरणातून आरकेओनं रंगीत तालमीचा धडा घेतला का? पुढच्याच वर्षी ‘फॉलो द फ्लीट’ आला, वेशभूषा पुन्हा न्यूमनची. या खेपेला पिसांऐवजी मण्यांचा जड झगा, रुंद लोंबत्या बाह्या. गिरकी घेताच बाही भरल्या पिशवीसारखी फिरायची. पहिल्याच टेकला ती अ‍ॅस्टेअरच्या जबड्यावर आणि डोळ्यावर बसली. तो तसाच नाचत राहिला. त्यानंतर सुमारे 20 टेक घेतले, बाही चुकवत चुकवत. दुसऱ्या दिवशी सगळे पाहिल्यावर निवडला तो पहिलाच. पिसांचा झगा नाचणाऱ्याच्या मागे राहतो, मण्यांचा त्याच्या पुढे जाऊन मारतो. वजनाची दोन टोकं, पण शोध लागला तो दोन्ही वेळा कॅमेरा चालू झाल्यावर.

माणसांमधलं मात्र लवकर मिटलं. अ‍ॅस्टेअर आणि पॅन यांनी गाण्याच्याच चालीवर पिसांना शिव्या देणारं विडंबन रचून रॉजर्सला ऐकवलं. अ‍ॅस्टेअरनं तिला सोन्याचं छोटं पीस भेट दिलं, ब्रेसलेटला अडकवायला, आणि ‘फेदर्स’ हे नाव तिला कायमचं चिकटलं.

1948 साली, ‘ईस्टर परेड’मध्ये, अ‍ॅस्टेअर ज्युडी गार्लंडबरोबर थाटाचा जोडीनाच करतो आणि तिच्या झग्यातून पिसं सुटून त्याच्या तोंडावर येतात. गाणी तिथेही बर्लिनचीच, चित्रपट मात्र रंगीत. या वेळी वेशभूषा विभागाला काम उलटं होतं: पिसं हव्या त्या ठोक्याला, प्रत्येक टेकला, पुरेशी सुटली पाहिजेत. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी जो टाका रात्रभर बसून घट्ट केला होता, तोच इथे मोजूनमापून सैल ठेवायचा.